चुकांचे पुंजके : बिनतारी चित्रपाठाविषयी काही विवेचन

हस्तलिखितांची पाठचिकित्सा ज्यांनी थोडीफार केली आहे, त्यांस एक गोष्ट निराळी सांगावयास नको. लेखनिकाच्या हातून होणाऱ्या चुका पोथीभर सारख्या अंतराने विखुरलेल्या नसतात. पाचपंचवीस पाने अगदी निर्दोष जातात. मग एखाद्या पानावर दिवा मंदावला म्हणून, डोळा लागला म्हणून, किंवा एकाच शब्दाने संपणाऱ्या दोन ओळींपैकी पहिलीवरून नजर दुसरीवर घसरली म्हणून, सलग एक ओळ, प्रसंगी दोन ओव्या गळून जातात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. आमच्या वडोदऱ्याच्या प्राच्यविद्यामंदिराने रामायणाची तशीच आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत प्रसिद्ध केली. अशा कार्यात चुका किती, एवढे मोजून भागत नाही. त्या कोणत्या जातीच्या आहेत आणि कशाच्या पाठोपाठ होतात, हे पाहावे लागते. प्रस्तुत लेखाचा विषय यंत्रविद्येचा आहे. परंतु त्यातील मुख्य प्रश्न हाच आहे, आणि म्हणूनच तो या पत्रिकेच्या वाचकांपुढे ठेवण्याचे धाडस करीत आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षकाचा वर्ग मोबाइलच्या चौकटीत जाऊन बसला. तरसाली हे वडोदऱ्याच्या दक्षिण टोकाचे उपनगर. एका अंगास मकरपुऱ्याची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगास महामार्ग, आणि मधल्या भागात जुनी गावठाणाची घरे, पत्र्याच्या खोल्या व नव्या सोसायट्या. आमच्याकडील मुले पाठानंतर निरोप पाठवीत, “सर, तुम्ही मधेच थांबलात,” आणि गंमत अशी की, शिक्षक थांबलेला नसे. चित्र गोठलेले असे, आवाज तुटलेला असे, आणि पुन्हा चित्र हलू लागेपर्यंत अपूर्णांकांचा छेद समान करण्याची पायरी निघून गेलेली असे. उरलेला पाठ मात्र मुलास अगदी स्वच्छ दिसे. हा ‘मधेच’ शब्द ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७५ साली आमच्या शेजारच्या खेडा जिल्ह्यात पीज येथे प्रक्षेपक उभा राहिला, त्या काळी पडद्यावर मुंग्या येत, आकृती अंधुक होई, पण बहुधा काही ना काही दिसत राही. आजचे चित्र अंकांच्या रूपाने प्रवास करते. ते एकतर उत्तम असते, नाहीतर अडते. बिघाड हळूहळू वाढत नाही, तो कोसळतो.

मोबाइलवरील चलच्चित्र म्हणजे एक अखंड प्रवाह नव्हे. त्याचे लहान लहान तुकडे करून प्रत्येकावर अनुक्रमांक घालून ते टपालाच्या पाकिटांप्रमाणे धाडले जातात, आणि तंत्रज्ञही त्यांस पाकीट या अर्थाचाच शब्द वापरतात. सेकंदास अशी शंभर पाकिटे येतात असे हिशेबासाठी धरू. वाटेत काही गहाळ होतात. आता कोणी सांगितले की शंभरांतील पाच गहाळ होतात, तर त्यावरून काय कळले? शिक्षकास याचे उत्तर हजेरीपटावरून सहज देता येईल. वर्षाच्या २४० दिवसांपैकी दोन विद्यार्थी प्रत्येकी १२ दिवस गैरहजर राहिले; दोघांची अनुपस्थिती शेकडा पाच. एक महिन्यातून एखादा दिवस चुकला, दुसरा तापाने सलग बारा दिवस घरी राहिला. पहिल्याची उणीव शेजाऱ्याच्या वहीवरून भरून निघते. दुसऱ्याचे एक अख्खे प्रकरण बुडते, आणि त्यावर उभे असलेले पुढचे प्रकरणही. पटावरील सरासरी दोघांना एकच मानते. सरासरीवर विसंबून राहण्याची खोड शिक्षणखात्यात जशी आहे तशी दळणवळणाच्या जाहिरातींतही आहे, हे जाता जाता नमूद करतो.

बिनतारी दुव्यात गैरहजेरी सलग का पडते, याचे कारण लहरींच्या स्वभावात आहे. मनोऱ्यापासून निघालेली लहर फोनपर्यंत एकाच वाटेने येत नाही. भिंतींवरून, पत्र्यांवरून, उभ्या मालमोटारींवरून परावर्तित होऊन ती अनेक वाटांनी येते. काही ठिकाणी या लहरी परस्परांस बळ देतात, काही ठिकाणी एकमेकींचा जोर मारतात. सेकंदास १८० कोटी आंदोलने असलेल्या लहरीची लांबी सुमारे १७ सेंटिमीटर असते, आणि बळकट व दुबळ्या जागा साधारणतः तिच्या निम्म्या अंतराने, म्हणजे सुमारे आठ सेंटिमीटरांनी, आलटून पालटून येतात. मकरपुऱ्यावरून सुरतेकडे ताशी ९० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीतील प्रवासी हे अंतर सेकंदाच्या तीनशेव्या भागात ओलांडतो. सेकंदास एक मीटर चालणाऱ्यास बाराव्या भागाइतका वेळ लागतो. आणि खोलीच्या कोपऱ्यात फोन भिंतीस टेकवून बसलेला मुलगा नेमका दुबळ्या जागी बसला असेल, तर तो तेथेच अडकून राहतो. वीतभर सरकला तर कदाचित सुटेल, पण हे त्यास कोण सांगणार? शिवाय इमारतीची आडोशाची सावली असते, एका मनोऱ्याकडून दुसऱ्याकडे जोडणी सोपविताना खंड पडतो, आणि संध्याकाळी सर्वांनी एकदम फोन उघडले म्हणजे वाट्यास येणारा भाग आटतो. या सर्व कारणांचा परिणाम एकच. एक पाकीट गहाळ झाले असेल, तर त्याच्या मागचेही गहाळ होण्याचा संभव वाढतो.

‘मागचे पाहून पुढच्याचा संभव सांगणे’ ही कल्पना गणितात आणली ती रशियन गणिती आंद्रेई मार्कोव्ह यांनी, आणि साहित्यप्रेमी वाचकास ऐकून आनंद होईल की, त्यासाठी त्यांनी काव्यच हाती घेतले. १९१३ साली सेंट पीटर्झबर्गच्या अकादमीपुढे त्यांनी पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’ या पद्यकादंबरीतील पहिल्या २०,००० अक्षरांची मोजदाद मांडली. त्यांपैकी ८,६३८ स्वर होते, म्हणजे शेकडा सुमारे ४३. पण स्वरानंतर लगेच स्वर येण्याचे प्रमाण शेकडा १३ च्या आसपास आणि व्यंजनानंतर स्वर येण्याचे शेकडा ६६. प्रत्येक अक्षर स्वतंत्र चिठ्ठीप्रमाणे उचलले जात असते, तर दोन्ही प्रमाणे ४३ च आली असती. स्वरांस स्वरांचा शेजार फारसा रुचत नाही असे यावरून दिसते. बिनतारी चुकांचे याच्या उलट आहे. त्यांस आपल्या जातीचाच शेजार आवडतो. गणित मात्र एकच.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे एडगर गिल्बर्ट यांनी १९६० साली हेच गणित दळणवळणाच्या चुकांस लावले. त्यांचे प्रतिमान इतके साधे आहे की आठवीच्या वर्गात शिकविता यावे. दुवा दोन अवस्थांपैकी एकीत असतो, बरी किंवा वाईट. बऱ्या अवस्थेत चूक होत नाही, वाईट अवस्थेत होते. प्रत्येक पाकिटागणिक एक नाणे उडवावयाचे, पण नाणे अवस्थेप्रमाणे निराळे. समजा, बऱ्या अवस्थेतून वाईट अवस्थेत जाण्याचा संभव शंभरात एक, आणि वाईट अवस्थेतून सुटण्याचा संभव पाचांत एक. मग बरी अवस्था सरासरीने १०० पाकिटे टिकेल, वाईट पाच. आणि वाईट अवस्थेतील प्रत्येक पाकीट बुडते असे धरल्यास एकूण गहाळ प्रमाण १०५ पैकी ५, म्हणजे एकविसांत एक. या दोन संख्यांनी जे सांगितले ते एका सरासरीने सांगता आले नसते. १९६३ साली इलियट यांनी यात सुधारणा केली ती अशी की, बऱ्या अवस्थेतही क्वचित चूक व्हावी. पुढे तीन, चार, अनेक अवस्थांची प्रतिमाने आली. या सर्वांत एक मौज आहे. अवस्था आपणास दिसत नाही. दिसतात त्या केवळ चुका, आणि चुकांवरून अवस्थेचे अनुमान करावयाचे असते. पोथीतील गळलेल्या ओळींवरून लेखनिकास झोप केव्हा येत होती हे ताडावे, तसेच हे.

आता या ज्ञानाचा उपयोग काय, ते पाहू. गहाळ पाकीट भरून काढण्याचा एक मार्ग असा की, दहा पाकिटांबरोबर गणिताने तयार केलेली तीन पूरक पाकिटे धाडावयाची. तेरांपैकी कोणतीही दहा पोहोचली तरी मूळची दहा परत मिळतात; रीड आणि सॉलोमन यांनी १९६० साली मांडलेल्या रीतीने हे साधते. चुका चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विखुरलेल्या असत्या, तर एकविसांत एक या प्रमाणात हजार गटांपैकी तीनसुद्धा बिघडले नसते. पण शंभर पाकिटे बरी आणि मग पाच सलग बुडीत, असा क्रम धरून मोजल्यास शंभरांतील दहा गट हातचे जातात. कारण गहाळ झालेली चार किंवा पाच पाकिटे एकाच गटात सापडतात, आणि पूरक तीनच. सरासरी तीच, खर्च तोच, आणि फळात तिसांहून अधिक पटींचे अंतर! चुका विखुरलेल्या आहेत असे गृहीत धरून ज्याने योजना आखली, त्याची योजना कागदावर उत्तीर्ण होते आणि तरसालीच्या खोलीत नापास होते.

उपाय आहे, आणि तो स्वस्त आहे. तेरा तेरा पाकिटांचे तेरा गट घ्या. ते चौकटीत आडव्या ओळींनी लिहा आणि उभ्या स्तंभांनी पाठवा. आता सलग पाच पाकिटे बुडाली तर ती पाच निरनिराळ्या गटांची असतील; प्रत्येक गटातून एक गेले, आणि पूरक तीन तयारच आहेत. वरच्या क्रमाने पाहिल्यास १६९ पाकिटांच्या या चौकटीत दोनांहून अधिक पुंजके पडूच शकत नाहीत, म्हणून एकही गट बिघडत नाही. एकही जादा पाकीट न धाडता केवळ क्रम बदलल्याने हे झाले. येथे कोणास वेदपाठाच्या विकृतींचे स्मरण होईल. घनपाठात पहिले-दुसरे, दुसरे-पहिले, पहिले-दुसरे-तिसरे, तिसरे-दुसरे-पहिले, पहिले-दुसरे-तिसरे अशा क्रमाने पदे म्हटली जातात, आणि एके ठिकाणी झालेली चूक दुसऱ्या ठिकाणी उघडी पडते. साम्य खरे आहे. त्यावरून आमच्या पूर्वजांस बिनतारी विद्या अवगत होती असे मात्र कोणी अनुमान काढू नये. पाठ शुद्ध राखण्याची निकड जेथे असते तेथे पुनरुक्ती आणि क्रमभेद हे दोन उपाय माणसास सुचतातच.

पण या उपायाची किंमत वेळेत मोजावी लागते. १६९ पाकिटे हाती आल्याखेरीज चौकट उलगडत नाही. सेकंदास शंभर या हिशेबाने सुमारे पावणेदोन सेकंद. आधी मुद्रित करून ठेवलेला पाठ असेल, तर पावणेदोन सेकंद उशिरा सुरू झाल्याने काही बिघडत नाही. प्रत्यक्ष चाललेल्या पाठात शिक्षकाने प्रश्न विचारला आणि उत्तर इतक्या विलंबाने आले, तर संवाद मोडतो, दोघे एकदम बोलू लागतात. शिवाय ‘सरासरीने पाच’ याचा अर्थ नेहमी पाच असा नव्हे. गिल्बर्टच्या नाण्याप्रमाणे शंभरांतील तीन-चार पुंजके पंधरा पाकिटांहूनही लांब निघतात. चौकट किती मोठी करावी आणि पूरक किती ठेवावीत हे या लांब पुंजक्यांवरून ठरवावे लागते. प्रतिमानाची गरज आहे ती येथे.

चलच्चित्राचा आणखी एक विशेष ध्यानात घेतला पाहिजे. सेकंदास पंचवीस चित्रे असली तरी प्रत्येक चित्र पूर्ण धाडीत नाहीत. एक पूर्ण चित्र धाडतात आणि पुढच्या चित्रांत केवळ काय बदलले तेवढेच कळवितात. फळा तोच, हात मात्र हलला. दोन सेकंदांनी एक पूर्ण चित्र, असा क्रम धरला तर पूर्ण चित्राचे पाकीट बुडाल्यास पन्नासही चित्रे डागाळतात. शेवटच्या फरकाचे पाकीट बुडाल्यास एकच. म्हणून सर्व पाकिटांस सारखे संरक्षण देणे हा न्याय नव्हे, उधळपट्टी आहे. पूर्ण चित्रास अधिक पूरके द्यावीत, फरकांस कमी, हा आज सर्वमान्य विचार आहे.

येथे एक उलटी गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर पुंजके म्हणजे सर्वस्वी अनिष्ट असा समज होईल. पूरक पाकिटे मुळीच नसतील आणि एका चित्राची चार पाकिटे असतील, तर विखुरलेल्या चुका शंभरांतील अठरा चित्रांस स्पर्श करतात. पुंजक्यातील चुका आठांहूनही कमी चित्रांस. नुकसान एका जागी गोळा झाल्याने बाकीचे चित्र वाचते. संरक्षण नसेल तेथे पुंजका बरा, संरक्षण असेल तेथे तोच घातक. ‘चुका किती’ याखेरीज ‘चुका कशा’ हे विचारल्यावाचून हा निकाल लागत नाही.

शिक्षकाच्या दृष्टीने माझे मत असे की, या सर्वांत आवाज प्रथम वाचविला पाहिजे. चित्र गोठले तरी पाठ समजतो, शब्द गेला तर समजत नाही. आणि आवाज स्वस्त आहे. चित्रास सेकंदाला दहा लाख बिट लागत असतील, तर स्पष्ट बोलण्यास पंचवीस हजार पुरतात, म्हणजे चाळिसावा भाग. तो दोनदा पाठविला तरी खर्च शेकडा अडीच-तीनच वाढतो. मात्र दुसरी प्रत पहिलीच्या लगोलग धाडली तर दोन्ही एकाच पुंजक्यात बुडतील. ती किती मागून धाडावी? पुन्हा प्रतिमानाकडे जावे लागते. वीस पाकिटांच्या अंतराने, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागाने, धाडल्यास वरच्या उदाहरणात शंभरांतील साधारण एकच पुंजका दोन्ही प्रतींस गिळण्याइतका लांब असतो. आणि एवढा विलंब संवादास मारक नसतो.

गहाळ पाकीट पुन्हा मागवून घेणे हा दुसरा मार्ग आहे, आणि आजच्या मोबाइल जाळ्यांत मनोरा व फोन यांच्यामध्ये तो सतत चालू असतो. त्यामुळे पुष्कळदा पाकीट गहाळ न होता उशिरा येते, आणि प्रतिमानही मग हानीचे न राहता विलंबाचे व वेगाचे करावे लागते. इंटरनेटचा जुना नियम येथे आड येतो. १९८६ साली जाळे कोंडीने ठप्प झाले, तेव्हा व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये अशी रीत घालून दिली की, पाकीट गहाळ झाले म्हणजे रस्त्यावर गर्दी आहे असे समजून वेग आवरावा. तारेच्या जाळ्यात हे अनुमान रास्त होते. बिनतारी दुव्यावर पाकीट गर्दीने नव्हे, लहर मंदावल्याने गेलेले असू शकते. तेथे वेग आवरणे म्हणजे ताप आलेल्या मुलास उनाड समजून वर्गाबाहेर काढणे. दोन कारणांतील भेद ओळखावयाचा तर दोहोंच्या चुकांची चाल निराळी कशी हे ठाऊक असावे लागते. मुद्रित चलच्चित्रांसाठी २००९ पासून जी रीत रूढ झाली आणि २०१२ मध्ये जिचे आंतरराष्ट्रीय मानक झाले, तीत पाठाचे काही सेकंदांचे तुकडे तीनचार प्रतींत ठेवतात, उंची, मध्यम, साधी. आणि फोन आपला साठा व दुव्याची अवस्था पाहून पुढचा तुकडा कोणत्या प्रतीचा घ्यावा हे ठरवितो. वाईट अवस्था लांबणारी आहे असे कळले तर साठा मोठा ठेवावयाचा, एवढाच त्याचा मथितार्थ.

प्रतिमान कोणाच्या दुव्यावरून बांधले, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि यंत्रविद्येच्या पुस्तकांत तो क्वचितच पुढे येतो. शहराच्या मध्यभागी, उत्तम फोनवर, उघड्या खिडकीशी घेतलेल्या मोजणीत पुंजके लहान येतील. त्यावरून आखलेली चौकट आणि साठा, बाप कारखान्यातून परतल्यावर त्याच्या जुन्या फोनवर पत्र्याच्या खोलीत पाठ पाहणाऱ्या मुलीस पुरणार नाही. तिचे पुंजके लांब आहेत. आणि सर्वांची मिळून सरासरी काढली तर तिचे लांब पुंजके इतरांच्या चांगल्या दुव्यांत विरून जातील. वर्गाची सरासरी ६० टक्के आहे म्हणून शेवटच्या बाकावरील मुलास वाचता येते असे आपण मानीत नाही.

ज्या शिक्षकबंधूंस स्वतः पडताळा पाहावयाचा असेल, त्यांनी प्रत्यक्ष चाललेल्या दूरपाठात एक साधा प्रयोग करावा. एक ते शंभर आकडे संथ, सारख्या गतीने वाचावेत आणि मुलांनी ऐकू आलेले तेवढेच लिहावेत. एखाद्याच्या वहीत ७, १९, ४३ व ७१ हे आकडे नसतील. दुसऱ्याच्या वहीत ३१ ते ३४ हे चार नसतील. दोघांचेही चार चुकले. पहिल्यास महत्त्वाचे वाक्य दोनदा सांगावे, दुसऱ्यांदा लगेच सांगितले तरी चालेल. दुसऱ्यास मात्र ते थोड्या अवकाशाने, चार आकडे वाचण्यास लागतो त्याहून अधिक वेळ जाऊ देऊन, पुन्हा सांगावे लागेल. आणि सलग दहा आकडे ज्याच्या वहीत नाहीत, त्यास पाठ मुद्रित करून रात्री उशिरा, मनोऱ्यावरील गर्दी ओसरल्यावर, पाठवावा. वाचण्याची गती मात्र सर्व वेळ एकच ठेवावी, नाहीतर पुंजक्याची लांबी मोजता येत नाही.